पोलिश वैमानिकांना ‘वेडे वीर’ म्हणणं थांबवा

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला चार जणांकडून आला. एक शाळेच्या ग्रुपवरून, दोन नातेवाइकांकडून आणि एक शेजारच्या काकांकडून. वर स्पिटफायर विमानाचं चित्र आणि खाली लांबलचक मजकूर. मजकूर थोडक्यात असा : १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनांनी पोलंडचं अख्खं हवाईदल धावपट्टीवरच जाळून टाकलं. त्यातून जीव वाचवून पळालेले वैमानिक इंग्लंडला पोचले. त्यांना धड प्रशिक्षण नव्हतं, शिस्त नव्हती, पण जर्मनांच्या द्वेषाने ते पेटलेले होते, म्हणून मरणाची पर्वा न करता शत्रूवर तुटून पडत. त्यांच्या ३०३ नंबरच्या स्क्वाड्रनने, म्हणजे हवाई तुकडीने, १२६ विमानं पाडली आणि एकट्याच्या बळावर ब्रिटन वाचवलं. युद्ध संपल्यावर कृतघ्न ब्रिटिशांनी त्यांच्यातल्या एकालाही विजयसंचलनात पाऊल ठेवू दिलं नाही. शेवटी आपल्याकडच्या कुणीतरी एक ओळ जोडली आहे : याच वैमानिकांना कोल्हापूरजवळ वळिवड्याला आसरा मिळाला होता.

मेसेज पाठवणाऱ्यांच्या मनात आदरच आहे, यात शंका नाही. मलाही ही माणसं फार जवळची वाटतात, कित्येक वर्षं मी त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत आलो आहे. म्हणूनच हा मजकूर वाचून जीव तुटतो. त्यांचं ज्या गोष्टीसाठी कौतुक व्हायला हवं, नेमकी तीच यात पुसली गेली आहे. त्यांचं कसब, त्यांची तालीम, वर्षानुवर्षं घेतलेली मेहनत, या सगळ्याच्या जागी ‘द्वेष’ आणि ‘बेफिकिरी’ आणून बसवली आहे.

चित्रापासूनच सांगतो. ब्रिटनच्या लढाईत, म्हणजे १९४० मध्ये इंग्लंडच्या आकाशात जर्मन हवाईदलाशी झालेल्या लढाईत, ३०३ स्क्वाड्रन स्पिटफायर चालवत नव्हती. त्यांच्याकडे हरिकेन ही दुसरी ब्रिटिश लढाऊ विमानं होती. स्पिटफायर त्यांना १९४१ च्या सुरुवातीला मिळाली. चूक छोटी आहे, पण पुढच्या मोठ्या चुकांची जात तीच आहे.

आता पहिला दावा, पोलिश हवाईदल पहिल्या दिवशी जमिनीवरच संपल्याचा. हा समज इतका जुना आहे की चांगल्या-चांगल्या माणसांनीही तो खरा मानला. पुढे ३०३ मध्ये फ्लाइट कमांडर झालेला कॅनडाचा जॉन केंट यानेही लिहून ठेवलंय की पोलिश हवाईदल लुफ्तवाफपुढे, म्हणजे जर्मन हवाईदलापुढे, जेमतेम तीन दिवस टिकलं एवढंच आपल्याला माहीत होतं आणि इंग्लंडमध्ये ते काही वेगळं करून दाखवतील असं मानायला कारण नव्हतं. याच केंटला पुढे त्याचे पोलिश सहकारी लाडाने ‘केंटोव्स्की’ म्हणू लागले.

खरं काय घडलं? युद्ध तोंडावर आलंय हे पोलिश सेनापतींना दिसत होतं. ३१ ऑगस्टपर्यंत त्यांनी आपल्या लढाऊ तुकड्या नेहमीच्या विमानतळांवरून हलवून गुप्त, तात्पुरत्या मैदानांवर नेल्या होत्या. गवताची कुरणं, शेताच्या कडेची झाडी, तिथे फांद्यांखाली झाकलेली विमानं. १ सप्टेंबरच्या पहाटे जर्मन बाँब पडले ते क्राकोव्हच्या राकोवित्सेसारख्या मोठ्या तळांवर, आणि तिथे जळाली ती मुख्यतः प्रशिक्षणाची आणि दुरुस्तीला आलेली विमानं. आघाडीवरची विमानं तेव्हा दुसरीकडे होती.

त्याच सकाळी सातच्या सुमाराला क्राकोव्हजवळच्या बालित्से मैदानावरून कॅप्टन म्येचिस्वाव मेदवेत्स्की आणि त्यांचा साथीदार व्वादिस्वाव ग्निश यांनी उड्डाण केलं. जमीन सोडून काही क्षण होतात न होतात तोच एका जर्मन श्टुका बाँबफेकी विमानाने मेदवेत्स्कींना गाठलं. ते तिथेच कोसळले. हवाई झुंजीत पडलेला दोस्तांचा हा पहिला वैमानिक मानतात. ग्निश निसटला, उंची गाठली आणि थोड्याच वेळात परतीच्या वाटेवरच्या दोन डॉर्नियर बाँबफेकी विमानांशी त्याची गाठ पडली. ती दोन्ही झुरादा गावाजवळ पडली आणि त्याच्या खात्यावर नोंदली गेली. जे हवाईदल जमिनीवरच संपलं म्हणतात, त्याची ही पहिली सकाळ.

वॉर्सोच्या रक्षणाला पाठलाग ब्रिगेड होती, पन्नासेक लढाऊ विमानांची. पहिल्या सहा दिवसांत त्यांनी चाळिसेक शत्रुविमानं पाडल्याचा दावा केला आणि आपली दोन-तृतीयांशाहून जास्त विमानं गमावली. ती हवेत लढताना गेली. पूर्ण पोलंडकडे आघाडीवर सुमारे ४०० लष्करी विमानं होती, त्यांतली लढाऊ दीडशेच्या आसपास. समोर लुफ्तवाफची हजाराहून कितीतरी जास्त. तरी या मोहिमेत जर्मनांची सुमारे २८५ विमानं गेली. त्यात विमानवेधी तोफांचा आणि अपघातांचाही वाटा आहे, पण जमिनीवर जळून गेलेल्या शत्रूकडून एवढं नुकसान होत नसतं.

मग ते हरले का? इथे यंत्राबद्दल बोलायलाच हवं. पोलंडचं मुख्य लढाऊ विमान होतं पीझेडएल पी-११. त्याची रचना सुरू करणारा झिग्मुंट पुवाव्स्की हा अतिशय बुद्धिमान तरुण अभियंता, १९३१ मध्येच विमान अपघातात गेला. सीगल पक्ष्याच्या पंखांसारखे वळलेले पंख, उघडी कॉकपिट, न मिटणारी चाकं. १९३४ मध्ये ते जगातल्या उत्तम लढाऊ विमानांत गणलं जाई. पण पाच वर्षांत जग पुढे गेलं होतं. पी-११ चा वेग ताशी ४०० किलोमीटरच्या आतच. जर्मन मेसरश्मिट १०९ साडेपाचशेच्या पुढे जात होतं. एवढंच कशाला, ज्या बाँबफेकी विमानांना अडवायचं, तीसुद्धा या लढाऊ विमानापेक्षा वेगात पळत. बहुतेक पी-११ वर मशीनगन दोनच. अशा विमानात बसून, वरून उडी टाकून, समोरासमोर येऊन, अगदी जवळ जाऊनच गोळी लागायची. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढच्या मुद्द्याची गुरुकिल्ली हीच आहे.

१७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत सैन्य शिरलं आणि उरलेल्या वैमानिकांना रुमानियाच्या सरहद्दीपार जाण्याचा हुकूम झाला. मेसेजमध्ये ‘पळाले’ असा शब्द आहे. ते आदेशानुसार गेले. देंब्लिनच्या हवाई शाळेतला प्रशिक्षक व्हितोल्द उर्बानोविच आपल्या छात्रांना रुमानियात सुखरूप पोचवून पुन्हा पोलंडमध्ये लढायला परत फिरला, सोव्हिएतांच्या हाती सापडला, त्याच दिवशी दोन छात्रांसह निसटला. रुमानिया आणि हंगेरीतल्या छावण्यांतून खोटी कागदपत्रं, लाच, रात्रीच्या आगगाड्या, बाल्चिकसारख्या काळ्या समुद्रावरच्या बंदरातून बोट, बैरूत, मार्से, असं करत ही माणसं फ्रान्सला पोचली. परागंदा पोलिश सरकारचे प्रमुख सिकोर्स्की यांच्या नावावरून जर्मन रेडिओ त्यांना ‘सिकोर्स्कीचे पर्यटक’ म्हणून हिणवत असे. फ्रान्समध्ये काहींच्या नशिबी कॉद्रों सायक्लोन नावाचं इतकं कमकुवत विमान आलं की फ्रेंचांनाच ते बंद करायचं होतं. पोलिश तुकडी तेच घेऊन लढत राहिली, कारण दुसरं मिळत नव्हतं. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि पुन्हा गाशा गुंडाळून ते इंग्लंडला निघाले. हरलेल्या दोन देशांतून तिसऱ्या देशात लढायला जाण्याला पळणं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता मेसेजमधला मला सगळ्यात जास्त खुपणारा भाग. प्रशिक्षण नाही, शिस्त नाही, फक्त द्वेष.

देंब्लिन हे विस्तुला नदीकाठचं गाव. १९२७ पासून तिथे पोलिश हवाईदलाची अधिकारी शाळा होती. लोक तिला ‘गरुडपिल्लांची शाळा’ म्हणत. प्रवेश फार कठीण. ग्लायडरपासून सुरुवात, मग प्रशिक्षण विमान, मग कसरती, मग नेमबाजी. रडार नाही, बऱ्याच विमानांत धड रेडिओही नाही, म्हणून शत्रू आपल्या डोळ्यांनीच शोधायचा. मान सतत फिरती ठेवायची, सूर्याच्या दिशेला, मागे, खाली. ही सवय तिथे हाडांत मुरवली जाई. १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडला पोचलेल्या पोलिश वैमानिकांपैकी अनेकांच्या नावावर शेकडो तासांची उड्डाणं होती आणि दोन देशांतल्या लढाईचा अनुभव होता. त्याच सप्टेंबरमध्ये नव्याने भरती झालेली इंग्रज पोरं लढाऊ विमानावर जेमतेम दहा-वीस तास उडून आघाडीवर येत होती. तेव्हा ‘प्रशिक्षण नसलेले’ हा शब्द कुणाला लावायचा?

ब्रिटिशांना मात्र हे लगेच कळलं नाही. नव्याने शिकायच्या गोष्टीही होत्या. पोलिश आणि फ्रेंच विमानांत इंजिनाचा थ्रॉटल, म्हणजे जोर कमी-जास्त करायचा दांडा, ब्रिटिश विमानांच्या उलट चाले, हात आपोआप उलट्या बाजूला जाई. वेग किलोमीटरऐवजी मैलांत, उंची मीटरऐवजी फुटांत. चाकं मिटणारी, त्यामुळे आयुष्यभर न मिटणाऱ्या चाकांवर उतरलेला माणूस उतरताना चाकं सोडायलाच विसरे आणि हरिकेन पोटावर घासत जाई. आणि सगळ्यात मोठी अडचण भाषेची. रेडिओवर नियंत्रण कक्षातून इंग्रजीत सूचना येत, त्या समजल्या नाहीत तर ढगांत माणूस हरवायचा. ३०३ चे इंग्रज प्रमुख रोनाल्ड केलेट आणि फ्लाइट कमांडर ॲथोल फोर्ब्ज यांना फ्रेंच येत होतं, पोलिश वैमानिकांनाही थोडंफार येत होतं, म्हणून सुरुवातीला फ्रेंचवर काम भागवलं गेलं. स्क्वाड्रन ऑगस्टच्या सुरुवातीला लंडनजवळच्या नॉर्थोल्ट तळावर उभी राहिली आणि महिनाअखेरीपर्यंत तिला लढाईत उतरवलं गेलं नाही, ते या कारणामुळे. शौर्याच्या किंवा शिस्तीच्या शंकेने नाही.

शिस्तभंगाचा जो किस्सा मेसेजला अभिप्रेत आहे तो ३० ऑगस्टचा. स्क्वाड्रन सरावावर होती, ब्रिटिश ब्लेनहाइम विमानांना शत्रू समजून अडवण्याचा सराव. लुद्विक पाश्केविचला थोड्या अंतरावर खरी जर्मन विमानं दिसली. त्याने आधी रेडिओवर केलेटना कळवलं. उत्तर आलं नाही. मग तो तिकडे वळला आणि एक विमान पाडूनच परतला. त्याने ते डॉर्नियर समजलं होतं, प्रत्यक्षात ते मेसरश्मिट ११० निघालं. परतल्यावर रांग सोडल्याबद्दल बोलणी खावी लागली आणि अभिनंदनही झालं. दुसऱ्याच दिवशी स्क्वाड्रन लढाईसाठी सज्ज जाहीर झाली. आधी सूचना देऊन, उत्तर न आल्यावर अनुभवी माणसाने घेतलेला निर्णय आणि बेभान होऊन तुटून पडणं यांत फरक आहे. पाश्केविच २७ सप्टेंबरला लढताना मारला गेला, तेव्हा जेमतेम महिनाच झाला होता.

जवळ जाऊन गोळी झाडण्याच्या सवयीबद्दलही तेच. ब्रिटिश लढाऊ विमानांच्या आठही मशीनगन सुरुवातीला साधारण ४०० यार्डांवर गोळ्या एकत्र येतील अशा लावलेल्या असत. पोलिश वैमानिक २०० मीटरच्या आत आणि कधीकधी त्याहून कितीतरी जवळून मारत. बघणाऱ्या इंग्रजांना हे वेडं धाडस वाटलं. पण पी-११ च्या दोन मशीनगनवर वाढलेल्या माणसाला माहीत होतं की लांबून उडवलेली गोळी फुकट जाते. त्यांनी ते पोटाला चिमटा काढून शिकलेलं होतं. पुढे बऱ्याच ब्रिटिश वैमानिकांनीही आपल्या मशीनगन जवळच्या अंतरावर लावून घेतल्या. शिवाय ब्रिटिश पद्धतीत तीन-तीन विमानं ‘व्ही’च्या आकारात इतकी खेटून उडत की बाजूच्या दोघांचं निम्मं लक्ष पुढच्याला आपटू नये याकडेच. शत्रूवर नजर ठेवायला उरायचं काय? सैल रांगेत, मान फिरवत उडण्याची पोलिश सवय युद्धशास्त्राच्या दृष्टीने जास्त बरोबर होती.

द्वेषाबद्दल बोलू. संताप होता, असणारच. त्यांची आईवडील, बायकामुलं जर्मनांच्या आणि सोव्हिएतांच्या टाचेखाली होती. पण १ सप्टेंबर १९३९ ची एक घटना सांगतो. तेवीस वर्षांचा स्तानिस्वाव स्काल्स्की एका जर्मन हेन्शेल टेहळणी विमानाच्या पाडावात होता. ते विमान शेतात पडलं. स्काल्स्कीने आपलं विमान शेजारी उतरवलं आणि आतल्या दोन जखमी जर्मनांच्या जखमा बांधल्या. ते दोघे युद्धकैदी झाले आणि वाचले. हाच स्काल्स्की पुढे पोलंडच्या सर्वांत यशस्वी लढाऊ वैमानिकांपैकी एक ठरला. ज्याला नुसत्या द्वेषाने चालवलं असं आपण म्हणतो, त्याचं हे पहिल्या दिवसाचं वागणं.

आणि हो, ३०३ चा सर्वाधिक विमानं पाडणारा योसेफ फ्रांतिशेक पोलिश नव्हताच, चेक होता. स्वतःचा देश गेल्यावर तो पोलिश हवाईदलात दाखल झाला होता. रांग सोडून एकटा शिकारीला जाण्याची खोड त्याला मात्र खरोखर होती. शेवटी केलेटनी त्याला ‘स्क्वाड्रनचा पाहुणा’ ठरवून एकटं उडण्याची मुभा दिली. त्याच्या खात्यावर सतरा विमानं नोंदली गेली. ८ ऑक्टोबर १९४० ला सरे परगण्यात इवेलजवळ त्याचं विमान कोसळून तो गेला. एका चेक माणसाच्या खोडीवरून सगळ्या पोलिशांची प्रतिमा रंगवली गेली, यात मला दोघांवरही अन्याय वाटतो.

१२६ चा आकडा. इथे पोलिश मित्रांनाही माझं म्हणणं कदाचित आवडणार नाही.

३०३ ने ३१ ऑगस्ट ते ऑक्टोबरची सुरुवात, एवढ्या सहा आठवड्यांत १२६ विमानं पाडल्याची नोंद त्या वेळी मान्य झाली. आकडे इतके मोठे येत होते की नॉर्थोल्ट तळाचे प्रमुख स्टॅन्ली व्हिन्सेंट यांचाही विश्वास बसेना. ते स्वतः हरिकेन घेऊन स्क्वाड्रनच्या मागे गेले आणि पोलिश वैमानिक खरोखरच जर्मन विमानं पाडताहेत हे डोळ्यांनी पाहून परतले. म्हणजे दावे खोटे नव्हते. पण हवेतला दावा आणि जमिनीवर सापडलेलं मोडकं विमान यांचा हिशेब नंतर जुळवायचा असतो. एकाच विमानावर तीन वैमानिक गोळ्या झाडतात आणि तिघेही प्रामाणिकपणे म्हणतात मी पाडलं. मेसरश्मिट १०९ पूर्ण जोरात सूर मारून पळालं की इंजिनातून काळा धूर निघे, मागच्याला वाटे पेटलं. ताशी पाचशे किलोमीटरच्या धांदलीत माणूस मागे वळून बघत बसत नाही.

ही अडचण सगळ्यांचीच होती. १५ सप्टेंबर १९४० ला ब्रिटिशांनी १८५ जर्मन विमानं पाडल्याचं जाहीर केलं, प्रत्यक्षात जर्मनांची साठेक गेली होती. जर्मनांचे दावेही असेच फुगलेले. युद्धानंतर संशोधकांनी जर्मन नोंदींशी ताळा घातला तेव्हा ३०३ च्या वाट्याला चव्वेचाळीसच्या आसपास विमानं निश्चितपणे आली, काहींच्या मते त्याहून थोडी जास्त. चव्वेचाळीस धरली तरी या हिशेबात सगळ्या फायटर कमांडमध्ये, म्हणजे ब्रिटिश लढाऊ विमानदलात, ३०३ चौथी येते. तिच्या वरच्या तिन्ही स्क्वाड्रन स्पिटफायरच्या होत्या आणि ३०३ पेक्षा कितीतरी जास्त दिवस लढलेल्या. हरिकेन चालवणाऱ्यांत ३०३ पहिली. उशिरा आलेल्या, भाषा न येणाऱ्या, जुन्या विमानावरच्या तुकडीने हे केलं. मला सांगा, १२६ या फुगवलेल्या आकड्यापेक्षा हे चव्वेचाळीस जास्त अभिमानाचे नाहीत का? फुगवलेल्या आकड्याची गंमत अशी की कुणीतरी एक दिवस तो फोडतो आणि मग खऱ्यावरही लोक विश्वास ठेवत नाहीत. त्या माणसांवर ही वेळ येऊ नये.

‘एकट्याने ब्रिटन वाचवलं’ हे तर सरळ चूक. लढाई १० जुलैला सुरू झाली, ३०३ त्यात सात आठवड्यांनी उतरली. ११ ऑक्टोबरला ती विश्रांतीसाठी लेकनफील्डला गेली. या लढाईत सुमारे २९०० वैमानिक आणि सहकारी उडाले, त्यांत पोलिश १४५. न्यूझीलंडचे सव्वाशेच्या आसपास, चेकोस्लोव्हाकियाचे ऐंशीहून जास्त, शिवाय कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, बेल्जियम, फ्रान्स. रडारची साखळी, टेहळणी करणारे स्वयंसेवक, नियंत्रण कक्षांतल्या नकाशावर ठोकळे सरकवणाऱ्या मुली. आणि प्रत्येक विमानामागे रात्रभर इंजिनं उघडून बसणारे मेकॅनिक. ते पोलिश मेकॅनिक तर मेसेजमध्ये कुठेच नाहीत.

उलट ‘एकट्या ३०३’ ने बाकीच्या पोलिशांनाच झाकून टाकलंय. त्या १४५ पैकी निम्म्याहून जास्त जण ३०३ मध्ये नव्हतेच. ३०२ स्क्वाड्रन त्यांच्याआधी उभी राहिली होती. बरेच जण ब्रिटिश स्क्वाड्रनमध्ये विखुरलेले होते. ५०१ मध्ये उडणाऱ्या अंतोनी ग्वोवात्स्कीच्या खात्यावर २४ ऑगस्टच्या एका दिवसात पाच विमानं नोंदली गेली, तेव्हा ३०३ चं लढाईतलं पहिलं उड्डाणही झालं नव्हतं. या लढाईत सुमारे तीस पोलिश वैमानिक गेले. फायटर कमांडचे प्रमुख ह्यू डाउडिंग यांनी आपल्या अहवालात मान्य केलं की पोलिश आणि चेक वैमानिकांबद्दल आपल्याला सुरुवातीला शंका होती आणि ती लवकरच फिटली. पोलिश स्क्वाड्रन नसत्या तर लढाईचा निकाल असाच लागला असता असं म्हणायला मन कचरतं, असंही ते म्हणाले. वाचवणाऱ्यांत ते होते, मोठा वाटा उचलून होते. एवढं खरं आहे आणि एवढं पुरेसं आहे.

मेसेज १९४० च्या सहा आठवड्यांवर थांबतो, पण ही माणसं पुढे पाच वर्षं लढली. १९४३ मध्ये उत्तर आफ्रिकेत स्काल्स्कीच्या हाताखालच्या मूठभर पोलिश वैमानिकांनी दोनेक महिन्यांत पंचवीसच्या वर विमानं पाडल्याचा दावा केला, त्यांना ‘स्काल्स्कीची सर्कस’ म्हणत. नंतर स्काल्स्की ६०१ या ब्रिटिश स्क्वाड्रनचा प्रमुख झाला. उर्बानोविच १९४३ च्या अखेरीला चीनमध्ये अमेरिकी हवाईदलासोबत जपान्यांविरुद्ध लढला. फ्रान्सिस गॅब्रेस्की हा पोलिश आईबापांचा अमेरिकी मुलगा ३१५ या पोलिश स्क्वाड्रनमध्ये राहून शिकला आणि पुढे युरोपातला अमेरिकेचा अव्वल लढाऊ वैमानिक झाला. पोलंडचे माजी नेते मार्शल पिवसुद्स्की यांची मुलगी याद्विगा, अन्ना लेस्का, स्तेफानिया वोइतुलानिस, या पोलिश बायका कारखान्यातून स्क्वाड्रनपर्यंत लढाऊ विमानं पोचवायच्या.

विजयसंचलनाबद्दल मेसेजमध्ये राग आहे, आणि रागाला जागा आहे. पण घडलं ते असं. ८ जून १९४६ ला लंडनमध्ये संचलन झालं. त्याच्या वर्षभर आधी, जुलै १९४५ मध्ये, ब्रिटनने लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारची मान्यता काढून वॉर्सोतल्या सोव्हिएतधार्जिण्या सरकारला दिली होती. निमंत्रण गेलं ते त्या सरकारला, त्यांनी कुणाला पाठवलं नाही. ब्रिटनमध्ये, ब्रिटिशांच्या खांद्याला खांदा लावून लढलेल्या पोलिश सैन्याला निमंत्रण नव्हतं. संसदेत आणि वर्तमानपत्रांत आवाज उठल्यावर ब्रिटनच्या लढाईतल्या २५ पोलिश वैमानिकांना आरएएफसोबत, म्हणजे ब्रिटिश हवाईदलासोबत, चालण्याचं निमंत्रण आलं. त्यांनी ते नाकारलं. आमच्या पायदळाला, आमच्या नौदलाला बोलावलं नाही, तर आम्हीही येणार नाही. ‘पाऊल ठेवू दिलं नाही’ असं लिहिलं की या पंचवीस जणांचा निर्णयच नाहीसा होतो. सन्मान हातात आला असताना इटलीत मोन्ते कासिनोला लढलेल्या आपल्या पायदळातल्या भावांसाठी तो परत करणं हे त्यांच्या आयुष्यातल्या कुठल्याही झुंजीइतकंच मोठं होतं.

त्यानंतरची वाट आणखी कठीण होती. स्काल्स्की १९४७ मध्ये पोलंडला परतला. जून १९४८ मध्ये हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली त्याला अटक झाली, १९५० मध्ये फाशीची शिक्षा, मग ती जन्मठेपेत बदलली. १९५६ मध्ये तो सुटला. श्चेपान श्चिबोर हा ब्रिटनमधल्या ३०५ पोलिश बाँबफेकी स्क्वाड्रनचा प्रमुख, युद्धानंतर देंब्लिनच्या शाळेचा प्रमुख झालेला. ऑगस्ट १९५२ मध्ये वॉर्सोच्या मोकोतूव्ह तुरुंगात त्याला मारण्यात आलं. हे वाचून कितीजण ब्रिटनमध्येच राहिले असतील याची कल्पना करा. पडेल ती कामं करत त्यांनी नवा संसार थाटला.

आता आपल्या वळिवड्याची ओळ. वळिवड्याच्या छावणीत हे वैमानिक कधीच नव्हते. छावणी १९४३ मध्ये उभी राहिली, तेव्हा ते इंग्लंडच्या आकाशात होते. वळिवड्याला आलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक म्हणजे मुख्यतः बायका, मुलं, म्हातारी माणसं. १९४०-४१ मध्ये सोव्हिएतांनी पूर्व पोलंडमधून उचलून सायबेरिया आणि कझाकस्तानला नेलेली. जुलै १९४१ च्या सोव्हिएत-पोलिश करारानंतर सुटलेली, इराणमार्गे, कराचीमार्गे पंचगंगेच्या काठी पोचलेली.

तरी धागा आहे, आणि तो मेसेजमधल्या ओळीपेक्षा खरा आहे. त्याच करारामुळे सोव्हिएत छावण्यांतून पोलिश हवाईदलाची माणसंही सुटली आणि त्यांतले कित्येक ब्रिटनला जाऊन पोलिश स्क्वाड्रनमध्ये दाखल झाले. एकाच तुरुंगाच्या दारातून पुरुष आघाडीवर गेले आणि घरची माणसं वळिवड्याला आली. युद्ध संपलं तेव्हा दोघांनाही घरी जाता येईना, कारण पूर्व पोलंडमधली त्यांची गावं आता सोव्हिएत संघात होती. १९४७-४८ मध्ये छावणी रिकामी होऊ लागली. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे. वळिवड्याची बरीच कुटुंबं बोटीने ब्रिटनला गेली, कारण त्यांची सैन्यातून मोकळी झालेली माणसं तिथे वाट पाहत होती.